डिस्क आहे, पण यादीत नाही

दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. फोनचा कॅमेरा लॅपटॉपच्या पडद्याकडे वळवत ती वैतागून म्हणाली, "मामा, हे बघ, यात डिस्कच नाही म्हणतंय." पडद्यावर लिनक्सच्या इन्स्टॉलरची खिडकी उघडी होती. लिनक्स कोठे बसवायचे, असे ती खिडकी विचारत होती आणि उत्तरादाखल निवडायला एकच नोंद होती: ज्यावरून इन्स्टॉलर चालू झाला होता तो पेनड्राइव्ह. लॅपटॉप नवा नव्हता. भाडेमुदत संपल्यावर कंपन्या परत करतात तसल्या यंत्रांच्या दुकानातून तिच्या वडिलांनी तो घेतला होता. प्रोसेसर सातव्या पिढीचा. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यादीत सातव्या पिढीला, एखाददुसरा अपवाद वगळला, तर जागा नाही, म्हणून बी.एस्सी.ला शिकणाऱ्या या मुलीने लिनक्सचा विचार केला होता. विंडोज मात्र पुसायचे नव्हते, कारण त्यात वडिलांचे टॅली होते. तासाभरापूर्वी त्यांनी याच यंत्रावर दुकानाची बिले भरली होती. म्हणजे डिस्क होती, धडधाकट होती, तिच्यावर दोन वर्षांचे हिशेब होते, आणि तरीही दुसरी एक प्रणाली शांतपणे सांगत होती की, येथे काही नाही.

इन्स्टॉलर खोटे बोलत नव्हता. त्याला डिस्क दिसत नव्हती, एवढेच खरे होते. पण "मला दिसत नाही" आणि "येथे नाही" यांत जो फरक आहे, तो त्या खिडकीच्या गावीही नव्हता.

हा फरक मला त्या दिवसापासून छळतो आहे.

मी तिला टर्मिनल उघडायला लावले. डिस्कची यादी देणाऱ्या एलएसबीएलके या आज्ञेला उत्तर म्हणून लूप नावाच्या काही ओळी आणि एसडीए, म्हणजे पेनड्राइव्ह, इतकेच आले. एनव्हीएमई (वेगवान डिस्कची एक नवी जात) या अक्षरांनी सुरू होणारी ओळ हवी होती, ती नव्हती. मग एलएसपीसीआय चालवून तिने ओळी एकेक करून वाचायला सुरुवात केली. ००:१७.० या पत्त्यावर पोचल्यावर मी तिला थांबवले. तेथे साटा कंट्रोलर, म्हणजे डिस्कशी बोलणारे यंत्र, असा शब्द असायला हवा होता, त्याऐवजी "रेड बस कंट्रोलर" असे लिहिले होते. वर्गाचा संकेत ०१०४, आणि पुढे ८०८६:२८२ए हा ओळखक्रमांक. यातला ८०८६ म्हणजे इंटेल. आपल्या १९७८ सालच्या नामांकित प्रोसेसरचाच आकडा या कंपनीने ओळखपत्रावर छापून घेतला आहे, हे आठवून मला दर वेळी थोडे हसू येते. एनव्हीएमई जातीच्या डिस्कचा वर्ग ०१०८ असतो. तो आकडा त्या संपूर्ण यादीत कोठेही नव्हता. इन्स्टॉलरची यादी अपुरी असू शकते, हे आपण समजू शकतो. पण एलएसपीसीआय म्हणजे पीसीआय बसवर, यंत्राचे भाग जोडणाऱ्या आतल्या मार्गावर, काय काय जोडलेले आहे याची थेट नोंद, आणि त्या नोंदीतूनच डिस्क गायब होती.

रेड या कल्पनेचा येथे काय संबंध, असा प्रश्न भाचीने लगेच विचारला आणि तो अगदी रास्त होता. बर्कलीच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली जो निबंध मांडला, त्याचे सार असे होते की, एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त, छोट्या डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यातली एखादी गेली तरी माहिती जाऊ नये अशी व्यवस्था करावी. भाचीच्या लॅपटॉपात डिस्क एकच. दुसरी बसवायला खाचही नाही. तरीही कारखान्यातून निघताना त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्रातच कोरलेल्या मूळ प्रणालीत, साटाचा मोड "रेड ऑन" असाच ठेवलेला होता, आणि लॅपटॉपाच्या पहिल्या मालकापासून तिच्या वडिलांपर्यंत कोणालाही त्याची कल्पना नव्हती. कंपन्यांच्या बाजूने पाहिले, तर यात गैर काही नाही. या मोडमध्ये एक डिस्कही चालते, दोनही चालतात, इंटेलची वेग वाढवणारी ऑप्टेन पट्टी जोडली तर तीही चालते. शेकडो प्रकारच्या यंत्रांसाठी एकच मांडणी ठेवता येते आणि विंडोजमध्ये इंटेलचा रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी हा ड्रायव्हर, म्हणजे डिस्कशी बोलणारा आणि ज्याला सगळे आरएसटी म्हणतात तो प्रोग्राम, आधीच घातलेला असतो. विंडोजवाल्याला कधी काही जाणवतच नाही. जाणवते ते तिसऱ्या कोणी दार वाजवल्यावर.

हे सारे मला नवे वाटले नाही, याचे कारण जुने आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी स्वतःच्या हाताने संगणक उभे केले, त्यांना इन्स्टॉलरच्या निळ्या पडद्याच्या तळाशी काही क्षण झळकणारी ती ओळ आठवत असेल: बाहेरचा स्काझी किंवा रेड ड्रायव्हर द्यायचा असेल, तर एफ६ दाबा. एक्सपी २००१ सालची, आणि एएचसीआय या साटाच्या प्रमाणित पद्धतीची पहिली अधिकृत आवृत्ती २००४ ची. त्यामुळे कंट्रोलर एएचसीआयमध्ये असला, की एक्सपीच्या इन्स्टॉलरला नवीकोरी साटा डिस्क सापडत नसे. एफ६ दाबल्यावर तो ड्रायव्हर मागे, आणि मागे तो फक्त फ्लॉपीवर. तेव्हा नव्या मदरबोर्डांबरोबर फ्लॉपी ड्राइव्ह घेणे लोकांनी सोडून दिलेले होते. लॅमिंग्टन रोडवरच्या जिन्याखालच्या दुकानांत त्या काळी तासन्‌तास उभा राहून मी पाहिले आहे की, तेथली मुले या भानगडीत पडतच नसत. ती सरळ बायोसमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या सेटअपमध्ये, जाऊन एएचसीआय काढून आयडीई हा जुना मोड करून टाकीत आणि सीडी पुन्हा चालू करीत. गिऱ्हाईकाला कळत नसे की, नव्या डिस्कच्या काही करामती आता झोपी गेल्या आहेत. त्या वेळी एएचसीआय हा अडथळा होता आणि आयडीई ही वाट. आज रेड हा अडथळा आहे आणि एएचसीआय ही वाट झाली आहे. या उलटापालटीत एक गोष्ट बदलली नाही: डिस्क आणि प्रणाली यांच्यामध्ये काय उभे आहे, हे ठरवणारी ओळ सेटअपच्या आतल्या पानावर असते आणि वापरणाऱ्याला ती कोणी दाखवलेली नसते.

मात्र एक्सपीच्या वेळच्या अडचणीत आणि या अडचणीत मुळातून एक अंतर आहे. तेव्हा ड्रायव्हर नव्हता, पण कंट्रोलर आपल्या जागी उघडपणे बसलेला असे. कोणीही ड्रायव्हर लिहावा आणि त्याला बोलते करावे. भाचीच्या लॅपटॉपात डिस्क जाणूनबुजून झाकली गेली होती. एनव्हीएमई डिस्क ही खरे म्हणजे पीसीआय एक्सप्रेसवरचे स्वतंत्र यंत्र. तिला स्वतःचा पत्ता असतो, स्वतःची ओळखपत्रिका असते, तिला झोपवण्याची, उठवण्याची, गोंधळली तर पुन्हा सुरुवातीला आणण्याची सोय त्या पत्रिकेच्या आधारे होते. रेड मोडमध्ये संगणक सुरू होतानाच फर्मवेअर हा पत्ता बसवरून पुसून टाकतो आणि त्या डिस्कच्या नोंदवह्या साटा कंट्रोलरच्या स्मृतीक्षेत्रातल्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवतो. याला रीमॅप करणे म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला एकटा साटा कंट्रोलर दिसतो, तोही रेडचा वेश घातलेला. जुन्या वाड्याच्या देवडीवरच्या माणसाला मालकानेच सांगून ठेवावे की, ओळखीचा आला तरच आत सोड, बाकीच्यांना घरी कोणी नाही म्हणून सांग, तसा हा प्रकार. ओळखीचा एकच: इंटेलचा स्वतःचा ड्रायव्हर. विंडोजमध्ये एनव्हीएमईचा जो मूळचा ड्रायव्हर असतो, त्यालाही या रचनेत डिस्क दिसत नाही.

या प्रकाराचा बोभाटा झाला तो २०१६ च्या सप्टेंबरात, लेनोवोच्या योगा ९०० जातीच्या एका लॅपटॉपावरून. त्याच्या फर्मवेअरमध्ये एएचसीआयचा पर्यायच ठेवलेला नव्हता, त्यामुळे लिनक्स बसवू पाहणाऱ्यांना डिस्क दिसेना आणि मोड बदलताही येईना. एका ग्राहकाच्या तक्रारीवर कंपनीच्या नावाने कोणीतरी उत्तर दिले की, मायक्रोसॉफ्टशी झालेल्या करारामुळे हे यंत्र बंदिस्त आहे. मग काय, जगभर आरडाओरडा. मायक्रोसॉफ्टने लिनक्सला कुलूप घातले, ही बातमी कोणाला आवडणार नाही? त्या गदारोळात मॅथ्यू गॅरेट या कर्नेलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, जाणत्या माणसाने सविस्तर लिहून मायक्रोसॉफ्टवरचा आरोप खोडून काढला. त्याचे म्हणणे असे की, लिनक्स अडवणे हा येथे हेतूच दिसत नाही. इंटेलच्या ड्रायव्हरमुळे विजेची बचत अधिक चांगली होते, म्हणून कंपनीने हा मोड पक्का केला असावा. खरा प्रश्न हा की, इंटेल या मोडसाठी लिनक्सचा ड्रायव्हर देत नाही. पुढे लेनोवोने एएचसीआय देणारे बायोस उपलब्ध करून दिले. मला त्या प्रकरणात सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती ही की, कट नसतानाही परिणाम कटासारखाच झाला. कोणाच्याही मनात नसताना एका पूर्ण प्रणालीला दार बंद झाले, कारण विजेचा हिशेब करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती प्रणाली आलीच नव्हती.

यानंतरची हकिगत मला अधिक गुंतवून ठेवते, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना मान द्यावा लागतो. त्याच वर्षी इंटेलमधल्याच डॅन विल्यम्स याने रीमॅप केलेल्या डिस्क ओळखून वापरता याव्यात असे बदल कर्नेलसाठी पाठवले. ख्रिस्टोफ हेलविग या कर्नेलमधल्या दुसऱ्या जाणत्याने त्यांना कडाडून विरोध केला. पुढे २०१९ मध्ये एंडलेस या लिनक्स वितरणाच्या डॅनियल ड्रेकने नव्याने प्रयत्न केला. त्याच्यापुढे प्रश्न घरगुती लॅपटॉपांचा होता. दुकानातून निघालेली यंत्रे याच मोडमध्ये येतात, आणि विंडोजसोबत लिनक्स ठेवू पाहणाऱ्या सामान्य माणसाला बायोस बदलायला सांगणे म्हणजे त्याचे विंडोज धोक्यात घालणे आहे. तेही स्वीकारले गेले नाही. नकार देणाऱ्यांचे कारण तांत्रिक आणि, मला वाटते, प्रामाणिक होते. पत्रिकाच झाकलेली असेल, तर कोणत्या कंपनीची कोणती डिस्क आहे हे पीसीआयच्या पातळीवर कळत नाही. एखाद्या डिस्कचा ठाऊक असलेला दोष टाळण्यासाठी जी खास तजवीज केलेली असते, ती लागू करता येत नाही. डिस्क अडकली तर तिला रीतसर पुन्हा सुरू करता येत नाही. अशा अवस्थेत डिस्क दिसली, चालली आणि एके दिवशी हिशेबासकट रुसली, तर बोल कर्नेलला लागणार. माझे मन येथे दुभंगते. टॅलीतली बिले आठवली की हेलविगचे पटते. पेनड्राइव्हची एकच ओळ दाखवणारी ती खिडकी आठवली की ड्रेकचे.

कर्नेलने एक मधली गोष्ट मात्र केली. डिस्क वापरायची नाही, पण ती झाकलेली आहे हे ओळखायचे आणि सांगायचे. भाचीला मी डीमेसेज चालवायला सांगितले. कर्नेल जागा होताना जे जे पुटपुटतो ते सारे त्यात असते: बॅटरी, कीबोर्ड, कॅमेरा, वायफायचा फर्मवेअर, शेकडो ओळी. त्यातून एएचसीआय हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या काढल्यावर तिला दोन इशारे सापडले. पहिल्याचा अर्थ: रीमॅप केलेले एक एनव्हीएमई उपकरण सापडले. दुसऱ्याचा: ते वापरायचे असेल, तर बायोस रेडमधून एएचसीआयमध्ये न्या. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे याला सगळं माहीत होतं? मग वर का नाही सांगितलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि माझ्या मते या सबंध विषयातला कळीचा प्रश्न हाच आहे. रोग काय, औषध काय, हे दोन वाक्यांत लिहून ठेवले होते, तेही अगदी साध्या शब्दांत. पण ते अशा वहीत लिहिले होते की, जिला ती उघडता येते तिला त्या सल्ल्याची फारशी गरज नसते आणि जिला गरज असते तिला वही ठाऊक नसते. कर्नेलने आपले काम केले, इन्स्टॉलरने आपले केले, आणि दोघांच्या मध्ये माणूस राहिला. उबुंटू या लिनक्स वितरणाने ही फट बुजवली, याचे मला फार कौतुक वाटते. कर्नेलला रीमॅपची माहिती असतेच, ती त्यांच्या इन्स्टॉलरने वाचायला सुरुवात केली आणि २०.०४ च्या आवृत्तीपासून तो स्पष्ट खिडकी दाखवू लागला: या संगणकात इंटेल आरएसटी आहे, पुढे जाण्यापूर्वी ते बंद करा, आणि कसे करायचे ते अमुक ठिकाणी वाचा. नवा ड्रायव्हर नाही, रीमॅपवर तोडगा नाही, निव्वळ एक वाक्य. कर्नेलच्या ईमेल-यादीवर झालेल्या सगळ्या खडाजंगीपेक्षा त्या वाक्याने जास्त लोकांची सुटका केली असेल, असे मला खात्रीने वाटते. भाचीने निवडलेल्या वितरणात ती खिडकी नव्हती.

आता मोड बदलणे. सेटअपमध्ये जाऊन रेडवरची खूण एएचसीआयवर नेणे हे काम क्षणाचे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. विंडोजने आपण आरएसटीच्या ड्रायव्हरने उठतो हे पक्के धरलेले असते. अचानक एएचसीआय केले, तर विंडोज अर्ध्यावर येऊन निळा पडदा दाखवते आणि बूट करायची डिस्कच हाती लागत नाही अशी तक्रार करते. म्हणजे पुन्हा तोच प्रकार, फक्त या वेळी आंधळा होणारा पाहुणा दुसरा. माहिती जात नाही, मोड पूर्ववत केला की विंडोज उठते, पण ज्याने हे आधी पाहिलेले नाही त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही आधी बिटलॉकरकडे, म्हणजे डिस्क कुलूपबंद करण्याच्या विंडोजच्या सोयीकडे, वळलो. डिस्क कुलूपबंद असेल, तर फर्मवेअरमधल्या अशा बदलानंतर विंडोज अट्ठेचाळीस अंकी किल्ली मागू शकते. भाचीने मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून ती किल्ली काढली आणि वहीत उतरवून घेतली. सहा सहा आकड्यांचे आठ गट. ती फोनवर मोठ्याने वाचत होती, तिची आई पलीकडून ताळा घेत होती, आणि पाचव्या गटातला एक आकडा एक आहे की सात यावर मायलेकींचा थोडा वाद झाला. किल्लीचा फोटो काढून त्याच लॅपटॉपावर ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून वहीचा आग्रह. नंतर बिटलॉकर तात्पुरते स्थगित केले.

त्यापुढची युक्ती जुनीच आहे आणि छान आहे. प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीएडिटच्या मदतीने विंडोजला सांगायचे की, पुढच्या वेळी सेफ मोडमध्येच ऊठ. मग यंत्र बंद करून सुरू करताना थेट सेटअपमध्ये शिरायचे, मोड एएचसीआय करायचा आणि जपून ठेवायचा. सेफ मोडमध्ये उठताना विंडोज कोणत्याही एका ड्रायव्हरवर विसंबत नाही. स्वतःचे मूळचे साटा आणि एनव्हीएमई ड्रायव्हर लावून पाहते, ते लागू पडले की पुढच्यासाठी नोंद करून ठेवते. त्यानंतर सेफ मोडची आज्ञा काढून टाकली की विंडोज नेहमीसारखे सुरू होते. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा: सेफ मोडमध्ये कधी कधी पिन चालत नाही, खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, आणि रोज पिन वापरणाऱ्याला तो बहुधा आठवत नसतो. भाचीच्या वडिलांना आठवला, आणि आठवल्याचा आनंद त्यांच्या आवाजात स्पष्ट ऐकू आला. टॅली उघडून त्यांनी ताळेबंद पाहिला, मगच पुढे जायची परवानगी दिली. विंडोजमधूनच जागा मोकळी करून घेतली, पेनड्राइव्हवरून पुन्हा लिनक्स उठवले, आणि एलएसपीसीआयमध्ये ००:१७.० वर साटा कंट्रोलर, वर्ग ०१०६, असे आले. त्याच्या खाली, काही ओळी सोडून, ०१०८ ची नवी ओळ होती. डिस्क कारखान्यातून निघाल्यापासून तेथेच, त्याच खाचेत, त्याच स्क्रूने बसवलेली होती.

सेटअपमध्ये हा पर्याय सर्वांना सारखा सापडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. कोठे तो साटा ऑपरेशन या नावाने असतो, कोठे स्टोरेजच्या पानावर, आणि एसरच्या काही लॅपटॉपांत तर मेन या पानावर कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्याशिवाय तो प्रकटच होत नाही. असा छुपा पर्याय ठेवणाऱ्याच्या मनात काय असते, हे मला आजवर उमगलेले नाही. बदलू द्यायचे नसेल तर देऊ नये. द्यायचे असेल तर उघड द्यावे.

आणि ज्यांच्या यंत्रात रेड खरोखरच आहे, त्यांनी यातले काहीही डोळे मिटून करू नये. दोन डिस्क जोडून एक केलेली असेल किंवा एकीची दुसरीवर नक्कल चालू असेल, तर एएचसीआयला नेताना विंडोजच्या दृष्टीने ती जोडणीच विस्कटते. अशा ठिकाणी लिनक्सचे एमडीएडीएम हे साधन इंटेलची मांडणी वाचू शकते, डिस्क साटाच्या असतील तर मोड न बदलताही; ते काम निराळ्या सवडीने आणि बॅकअप हाताशी ठेवून करावे. ऑप्टेनचेही तसेच. २०१७ पासून काही वर्षे सोळा-बत्तीस जीबीची ऑप्टेन पट्टी हार्डडिस्कच्या पुढे वेगासाठी जोडून दिली जाई. ती आधी आरएसटीच्या अॅपमधून सुटी करावी लागते, कारण ताज्या नोंदींचा काही भाग त्या पट्टीतच असू शकतो. इंटेलने ऑप्टेनचा धंदा २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला. पट्ट्या मात्र जुन्या बाजारात अजून फिरत आहेत.

अकराव्या पिढीपासून, म्हणजे २०२० पासून, पात्रे तीच राहिली पण रचना बदलली. रीमॅपच्या जागी इंटेलने सर्व्हरमधली व्हीएमडी ही योजना लॅपटॉपांत आणली. तीत डिस्क एका मधल्या यंत्राच्या पाठीमागेच असते, पण तिची पत्रिका फाडलेली नसते. मधल्याशी नीट बोलणारा ड्रायव्हर असला की मागची डिस्क तिच्या सगळ्या तपशिलांसह समोर येते. हा ड्रायव्हर लिनक्समध्ये सर्व्हरसाठी २०१६ च्या ४.५ या कर्नेलपासूनच होता. लॅपटॉपांचे ओळखक्रमांक त्यात नंतर मिळवले गेले. म्हणजे रीमॅपला दिलेला नकार वाया गेला नाही, असे म्हणायला जागा आहे. अर्थात सारे सुरळीत झाले असेही नाही. व्हीएमडीच्या मागे असलेल्या डिस्कला नीट झोप लागत नसे, त्यामुळे लॅपटॉप मिटून ठेवला तरी बॅटरी उतरत राही, अशी तक्रार बराच काळ होती. नंतरच्या कर्नेलमध्ये त्यावर काम झाले. ज्या योजनेची भलावण विजेच्या बचतीसाठी झाली, तिनेच लिनक्सवर वीज खावी, याला काय म्हणावे.

या नव्या योजनेत आंधळे होण्याची पाळी भलत्यावर आली आहे. परवा भाचीच्या मैत्रिणीचा बाराव्या पिढीचा लॅपटॉप कोरा करून त्यावर विंडोज ११ नव्याने टाकायचे ठरले. पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साधनाने बनवलेला, मांडणी नियमाप्रमाणे. इन्स्टॉलरने सांगितले की, कोणतीही ड्राइव्ह सापडली नाही, ड्रायव्हर द्यायचा असेल तर हे बटण दाबा. एफ६ ची ती जुनी ओळ आता बटण होऊन बसली आहे, फ्लॉपीऐवजी पेनड्राइव्ह चालतो, एवढाच काय तो फरक. मैत्रीण दुकानात जायला निघाली होती. भाचीने तिला थांबवून स्वतःचा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला, एलएसबीएलके चालवले आणि पडद्याचा फोटो मला पाठवला: एनव्हीएमई शून्य, ४७६.९ जीबी, आणि खाली एलएसपीसीआयमध्ये १०००० ने सुरू होणारा तो लांबलचक पत्ता, जो व्हीएमडीच्या मागच्या यंत्रांनाच मिळतो. सोबत प्रश्न होता, "मामा, हिला सरळ लिनक्सच टाकू का?" मैत्रिणीला नको होते. तेव्हा दोघींनी लॅपटॉपाच्या कंपनीच्या पानावरून व्हीएमडीचा ड्रायव्हर उतरवला, झिप उलगडून पेनड्राइव्हवर टाकला आणि ते बटण दाबले.